प्रकल्प नोंदी: ‘झिरो डिग्रीज’च्या दोन नर्तकांची परिचयपुस्तिका

४ जून

काम: अक्रम खान आणि सिदी लार्बी शेरकावी यांच्या ‘झिरो डिग्रीज’ या नृत्यप्रयोगाचे चित्रीकरण दाखवण्याआधी प्रेक्षकांच्या हातात द्यायची मराठी पुस्तिका. येणारे लोक दोन तऱ्हेचे. कथक शिकणारे, ज्यांना तत्कार (पावलांचे ठेके) आणि तिहाई (तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारा बोल) सांगावी लागत नाही पण समकालीन नृत्य परके वाटते. आणि नाटकवाले, ज्यांचे नेमके उलटे. मजकूर दोघांनाही पुरला पाहिजे.

आकार: ए-फोरचे दोन कागद मधोमध दुमडून आठ पाने. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून सहा. अकरा पॉइंटात ए-फाइव्ह पानावर दोनशे शब्दांच्या वर गेलो की ओळी जवळ आणाव्या लागतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. म्हणून सगळा मजकूर बाराशे शब्दांत.

पक्की श्रेयनामावली: पहिला प्रयोग ८ जुलै २००५, सॅडलर्स वेल्स, लंडन. नृत्यरचना आणि सादरीकरण खान व शेरकावी. संगीत नितीन साहनी, वादक-गायक प्रत्यक्ष रंगमंचावर. शिल्पे अँटनी गॉर्मली. प्रकाशयोजना मिकी कुंटू. वेशभूषा केई इतो. ड्रामाटर्ग (रचनेचा नाट्यसल्लागार) गी कूल्स.

गॉर्मली यांच्यापुढे ‘नेपथ्य’ लिहायचे नाही, ‘शिल्पे’च लिहायचे. कारण २१ जूनच्या नोंदीत.

७ जून

खान यांचा परिचय, पहिला खर्डा. यात घ्यायचे मुद्दे:

जन्म २९ जुलै १९७४, लंडन. आईवडील बांगलादेशातून आलेले. वयाच्या सातव्या वर्षापासून कथक, गुरू प्रताप पवार. नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारता’त तेराव्या वर्षी निवड, १९८७ ते ८९ जगभर दौरा. पुढे लेस्टरचे डी मॉन्टफोर्ट विद्यापीठ आणि लीड्सची नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स येथे समकालीन नृत्याचे रीतसर शिक्षण. त्यानंतर ब्रुसेल्समध्ये नृत्यरचनाकार आन तेरेसा दे कीर्समाकर यांच्या ‘पार्ट्स’ या नृत्यशिक्षण संस्थेचा एक्स-ग्रुप प्रकल्प. २००० साली निर्माते फारूक चौधरी यांच्यासह स्वतःची कंपनी. चौधरी स्वतः आधी नर्तक होते, दे कीर्समाकर यांच्या ‘रोझास’ या नृत्यसमूहातही नाचलेले. ही ओळ लहान असली तरी ठेवायची. नर्तकाने चालवलेली कंपनी तालमीला किती आठवडे देते यात फरक पडतो.

गुरुपरंपरेची ओळ वेगळी काढली. प्रताप पवार हे बिरजू महाराजांचे शिष्य, म्हणजे लखनौ घराणे. पुण्यात रोहिणी भाटे यांच्या परंपरेत शिकणाऱ्यांना हे घर ओळखीचे आहे: रोहिणीताई लच्छू महाराजांकडे शिकल्या आणि लच्छू महाराज हे बिरजू महाराजांचे काका. एका वाक्यात हे नाते दिले की इथल्या मुलींना खान यांचा पाय कुठून आला ते लगेच कळते. पवार आडनाव पाहून ‘महाराष्ट्राचे सुपुत्र’ वगैरे काही लिहायचे नाही. ओळख परंपरेने द्यायची, आडनावाने नाही.

वयांचा ताळा: २९ जुलै १९८७ला तेरा पूर्ण. दौरा १९८७चा, तेव्हा ‘तेराव्या वर्षी’ आणि ‘तेरा वर्षांचा असताना’ यांत गल्लत नको. पुस्तिकेत ‘तेरा वर्षांचा असताना’.

९ जून

शेरकावी. जन्म १० मार्च १९७६, अँटवर्प. वडील मोरोक्कोचे, आई फ्लेमिश. इथे गुरूचे नाव शोधत बसलो तर हाती काही लागत नाही, कारण ही कारकीर्द त्या मार्गाने आलेलीच नाही. सुरुवात दूरदर्शनवरच्या संगीतचित्रफितींची नक्कल, मग टीव्ही आणि करमणुकीच्या कार्यक्रमांत नाच. १९९५ साली गेंटमध्ये नृत्यरचनाकार आलँ प्लातेल यांनी सुरू केलेल्या एकल नृत्याच्या स्पर्धेत पहिले बक्षीस, वय एकोणीस. त्यानंतर ‘पार्ट्स’मध्ये शिक्षण. पुढे प्लातेल यांच्याच ‘ले बाले से द ला बे’ या गेंटच्या समूहात नर्तक, आणि २००० साली तिथेच पहिली मोठी रचना ‘रियँ द रियँ’. मग ‘फ्वा’ (२००३) आणि ‘टेम्पस फ्युगिट’ (२००४).

हा क्रम महत्त्वाचा: आधी रंगमंच, मग शाळा. खान यांच्या बाबतीत आधी गुरू, मग रंगमंच, मग शाळा. कथकच्या विद्यार्थ्यांना पहिला क्रम उलटा वाटेल आणि त्यावरून ‘शिक्षण कमी’ असा निष्कर्ष निघेल. तो निघू नये म्हणून प्लातेल यांच्या समूहाची पद्धत दोन ओळींत दिली: तिथे नर्तकाकडे आधीच जे आहे (गाणे, लवचीकपणा, बोलण्याची लकब, वेडेवाकडे चालणे) त्यातून रचना उभी राहते. सगळ्यांचे अंग एकसारखे करून घेणे हा उद्देशच नसतो. म्हणून शेरकावी ‘झिरो डिग्रीज’मध्ये स्वतः गातोही.

नावाचे लेखन: ‘शेरकावी’. सगळ्या पानांवर तेच. एका खर्ड्यात तीन रूपे आढळली.

१० जून

दोन खर्डे शेजारी ठेवून मोजले. खान ३१० शब्द, शेरकावी १४५. कारण उघड आहे: भारतीय उपखंडाशी संबंध, महाभारत, कथक, सगळे आपल्या ओळखीचे, म्हणून हात सैल सुटतो. पण अशा पुस्तिकेने प्रेक्षक प्रयोग सुरू होण्याआधीच ठरवून टाकतो की मुख्य नर्तक एक आणि दुसरा साथीला. या प्रयोगात तसे नाही. मर्यादा: प्रत्येकी १८० शब्द, कमी नाही की जास्त नाही.

खान यांच्या खर्ड्यातून पुरस्कार काढले. एक अपवाद करण्याचा आग्रह होता, २००५ सालच्या एमबीई या ब्रिटिश किताबाचा. काढला. पुरस्काराने प्रेक्षकाला पाहायला काही मिळत नाही. गुरूचे नाव, शाळेचे नाव आणि कोणाबरोबर नाचला हे कळले तर मिळते.

१३ जून

मांडणी बदलली. आधी एक परिचय, मग दुसरा, असे छापले की वाचणारा दोन वेगळी चरित्रे वाचतो आणि जोडणी त्याच्यावर पडते. त्याऐवजी मधल्या जोडपानावर दोन उभे रकाने, वर्षे मध्ये. परिचयांचे परिच्छेद आधीच्या पानांवर राहतीलच, पण पुस्तिकेचा गाभा हे जोडपान.

रकाने लावल्यावर लगेच दिसलेल्या गोष्टी:

२०००. एकाची कंपनी, दुसऱ्याची पहिली मोठी रचना. दोघेही रचनाकार म्हणून जेमतेम पाच वर्षांचे असताना एकत्र आले.

‘पार्ट्स’ दोन्ही रकान्यांत आहे, पण वेगवेगळ्या काळी आणि वेगळ्या नात्याने. शेरकावी विद्यार्थी, खान नंतर आलेल्या प्रकल्पात. ‘दोघे एकाच शाळेत शिकले’ हे वाक्य सोपे आहे आणि चुकीचे आहे.

२००२. खान यांच्या ‘काश’साठी संगीत नितीन साहनी यांचे, तर नेपथ्य मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे. म्हणजे साहनी आणि खान यांची जोडी २००५ला नवी नव्हती; आणि शिल्पकाराला नृत्यात आणणे हेही खान यांच्यासाठी पहिल्यांदा नव्हते. शेरकावी आणि गॉर्मली यांचा पुढचा मोठा संबंध मात्र ‘झिरो डिग्रीज’नंतरचा.

२००१, २००३, २००५. खान यांची कथक एकले: ‘पोलरॉइड फीट’, ‘रोनिन’, ‘थर्ड कॅटलॉग’. समकालीन समूहरचना चालू असताना ही वेगळी चालू होती. कथक सोडून समकालीनकडे वळला असा जो समज असतो तो या तीन ओळींनी मोडतो. या ओळी ठळक.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशीची वये: खान ३० (एकतिसाव्याला तीन आठवडे बाकी), शेरकावी २९. ‘तिशीतले दोन नर्तक’ काढून ‘तिशीच्या उंबरठ्यावरचे’ केले.

१४ जून

२००५च्या ओळीखाली आडवी जाड रेघ. रेघेच्या वर जे ते प्रयोगाआधीचे, खाली जे ते नंतरचे. छापील परिचयांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो: ‘सूत्रा’ (२००८) किंवा ‘देश’ (२०११) यांचा अनुभव घेऊन जणू हे दोघे २००५ला आले असे वाचणाऱ्याला वाटते. नर्तकाचा परिचय दर दौऱ्याला वाढवला जातो, जुना प्रयोग मात्र तसाच राहतो. म्हणून कोणताही परिचय हाती आला की आधी त्यातले सर्वांत अलीकडचे साल शोधायचे आणि प्रयोगाच्या सालानंतरचे सगळे खाली ढकलायचे.

सालाचा नियम: दिलेले साल पहिल्या प्रयोगाचे. दौऱ्याचे किंवा चित्रीकरणाचे नाही.

लंडनचे ७ जुलै २००५चे बॉम्बस्फोट पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशीचे. सीमा, पासपोर्ट आणि मृत्यू यांवरचा प्रयोग दुसऱ्या दिवशी. पुस्तिकेत घ्यावे का यावर बोलणे झाले. मलपृष्ठावर एक ओळ, विशेषणाविना. परिचयांत नाही, कारण रचना त्या घटनेआधीच तयार होती आणि वाचणारा ती घटना कारण म्हणून वाचेल.

१७ जून

पान सहा: अंगात काय काय आहे. हे पान तांत्रिक आहे, नाटकवाल्यांसाठी जास्त.

कथकने बनवलेले शरीर: पाठीचा कणा उभा, वजन सपाट पावलावर सरळ खाली. तत्कारात तळवा आणि टाच जमिनीवर आपटतात, त्यामुळे जमीन ही वाजवायची गोष्ट. दोन्ही पायांत प्रत्येकी शंभर-दीडशे घुंगरू बांधून वर्षानुवर्षे सराव झाला की घुंगरू काढल्यावरही पावले आवाज मोजूनच पडतात. चक्कर डाव्या टाचेवर. नजर एका बिंदूवर रोखून मान शेवटी फिरते, त्यामुळे थांबणे अचानक आणि कोरडे.

तालाचा हिशेब उदाहरणाने: पाच मात्रांचा बोल तीनदा, मध्ये एकेका मात्रेचा दम (थांबा). ५+१+५+१+५, एकूण १७. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून उचलली तर सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. समकालीन वर्गांत मोजणी बहुधा आठ-आठची. ज्याच्या डोक्यात सम आहे तो नर्तक लांबचा शेवट आधी ठरवून मागे येतो, आठ मोजणारा पुढे पुढे जातो. हा फरक एकत्र तालमीत पहिल्याच दिवशी आडवा येतो. पावले जुळतात, पण श्वास जुळत नाहीत.

समकालीन प्रशिक्षणाने बनवलेले शरीर: वजन सोडून देणे, कंबरेतून खाली जाणे, हात-खांदा-पाठ सगळ्यांवर भार घेणे. जमीन झोपायची, घसरायची, उलटे उभे राहायची जागा. शेरकावी यांच्यात याच्या जोडीला विलक्षण लवचीक सांधे आहेत. डोक्यावर तोललेले शरीर हळूच दुमडत नेणे हे त्यांच्या नाचात सारखे दिसते.

म्हणजे खान यांच्याकडे दोन्ही तऱ्हा, शेरकावी यांच्याकडे दुसरी आणि तिच्याबाहेरचे बरेच काही. ‘दोघांनी कथक आणि समकालीन नृत्य सादर केले’ असे एका मसुद्यात आले होते. शेरकावी कथकचे नर्तक नाहीत. दोघे एकसारखे फिरताना दिसतात तिथेही नीट पाहिले तर एकाचे फिरणे टाचेवर थांबते आणि दुसऱ्याचे अंगभर विरत जाते. पाहणाऱ्याने हेच पाहावे. दोघांतला फरक पुसून टाकणे हे या प्रयोगाचे काम नाही, तो शेजारी ठेवून मोजायला देणे हे आहे.

१८ जून

पान सहाची फरशीबाबतची टीप, नृत्यवर्गांच्या मागणीवरून. पाहून झाल्यावर मुले करून बघणारच. दोन्ही तऱ्हा एका जमिनीवर करायच्या तर लाकडी, खाली पोकळी असलेली जमीन लागते. सिमेंटवर किंवा थेट लादीवर तत्कार लांबला की नडगी दुखू लागते, आणि रेटून केले तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते. व्हिनाइलची मॅट अंथरली की घसरणे-लोळणे सुरक्षित होते, पण पावलाचा आवाज मरतो आणि टाचेवरचे चक्कर अडकते. त्या अडकण्यात पाऊल थांबते आणि गुडघा फिरतो, दुखापत तिथे होते. मॅटवर चक्कर कमी घ्यावेत. पायाला पावडर लावू नये, पुढचा माणूस घसरतो.

२१ जून

शिल्पांचे पान. गॉर्मली: जन्म १९५०, लंडन. केंब्रिजनंतर १९७१ ते ७४ भारत आणि श्रीलंकेत, बौद्ध ध्यानपद्धतीचा अभ्यास. १९९४चे टर्नर पारितोषिक (इथे पुरस्कार ठेवला, या माणसाला इकडचे नाटकवाले ओळखत नाहीत, एक खूण हवी). त्यांचे बहुतेक काम स्वतःच्या शरीराच्या साच्यावरून. ‘झिरो डिग्रीज’मध्ये त्यांनी साचे घेतले ते दोन नर्तकांचे. सिलिकॉनचे दोन पूर्णाकृती पुतळे रंगमंचावर असतात, नर्तक त्यांना हाताळतात, मारतात, त्यांच्याशी झुंजतात.

म्हणून ते नेपथ्य नव्हे. मंचावर दोनऐवजी चार देह आहेत असे धरून रचना वाचावी. सिलिकॉन रबराची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, माणसाची जवळपास पाण्याइतकी. तेव्हा असा पुतळा भरीव ओतला तर वजन माणसाएवढे किंवा वर जाते. पण माणूस उचलताना तो स्वतःही थोडी उडी घेतो, पोट आवळतो, पकडीला मदत करतो. पुतळा काही करत नाही. जोडीने नाचण्याचे शिक्षण झालेला नर्तक समोरच्याच्या या मदतीवर विसंबून असतो. ती काढून घेतली की उचल कंबरेवर येते. नाटकात प्रेताची भूमिका उचलणाऱ्यांना हे सांगायला नको.

२४ जून

बसून सांगायच्या प्रसंगाची टीप. दोघे शेजारी बसून एकच हकिगत इंग्रजीत एकदम सांगतात: खान यांचा बांगलादेशातून भारताकडे झालेला प्रवास, सीमेवर पासपोर्ट हातातून जाणे, रेल्वेत मेलेला माणूस. शब्द, अडखळणे, हाताच्या हालचाली दोघांच्या तंतोतंत एक. हे जमते कारण बोललेली हकिगत चित्रित करून तिच्यातले ‘अं’, अर्धवट वाक्ये, डोके खाजवणे सगळे रचना म्हणून पाठ केले आहे.

कथकच्या प्रेक्षकांसाठी सूचना: हे हात अभिनयाचे नाहीत. ठरलेले हस्तक (हातांच्या मुद्रा) शोधू नयेत, सापडणार नाहीत. गप्पा मारताना माणसाचा हात जसा हलतो तसा तो आहे, फक्त दुसऱ्या देहावर हुबेहूब चढवलेला. आणि यातच कारकिर्दींचा रकाना उपयोगी पडतो: शेरकावी यांचे पहिले शिक्षण पडद्यावरच्या माणसाची नक्कल हेच होते. दुसऱ्याची लकब उचलण्यात तयार झालेला नर्तक आणि बोल जसाच्या तसा पाठ करून म्हणण्यात, पढंतीत, वाढलेला नर्तक. दोघेही या प्रसंगाला आपापल्या जुन्या तयारीने पोचतात. हा आमचा अर्थ आहे, म्हणून पुस्तिकेत तो चौकटीत आणि ‘संपादकीय’ या शीर्षकाखाली.

२६ जून

रेघेखालचा भाग, म्हणजे २००५नंतर. जागा कमी, म्हणून फक्त दोन-दोन कलाकारांच्या भेटी आणि संस्थात्मक टप्पे.

खान: ‘सेक्रेड मॉन्स्टर्स’ (२००६, बॅले नर्तकी सिल्व्ही गिलेम यांच्यासह), ‘बहोक’ (२००८, चीनच्या राष्ट्रीय बॅलेच्या नर्तकांसह), अभिनेत्री ज्युलिएट बिनोश यांच्यासह ‘इन-आय’ (२००८), एकल ‘देश’ (२०११), २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सहभाग, ‘तोरोबाका’ (२०१४, फ्लामेन्को नर्तक इस्राएल गाल्वान यांच्यासह), इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी ‘जिझेल’ (२०१६), आणि शेवटचे पूर्ण लांबीचे एकल म्हणून ‘झेनॉस’ (२०१८).

शेरकावी: ‘सूत्रा’ (२००८, शाओलिन भिक्षूंसह, गॉर्मली यांचे एकवीस लाकडी खोके), ‘दुनास’ (२००९, फ्लामेन्को नर्तकी मारिया पाहेस), कुचिपुडी नर्तकी शांतला शिवलिंगप्पा यांच्यासह ‘प्ले’ (२०१०), त्याच वर्षी ‘ईस्टमन’ ही स्वतःची कंपनी, २०१५ ते २०२२ रॉयल बॅले ऑफ फ्लँडर्सचे कलासंचालक, २०२२ साली जिनिव्हाच्या ग्राँ तेआत्र बॅलेचे.

दोघांनीही पुढे स्वतंत्रपणे फ्लामेन्कोचा जोडीदार घेतला, हे रकाने लावल्याशिवाय ध्यानात येत नाही. कथकवाल्याने घेणे समजते, पायाचा संवाद आहे. शेरकावी यांच्याकडे पायाचे काम नाही, तरी त्यांनी पाच वर्षे आधी घेतला. दोन्ही ओळींना पुस्तिकेत एकच खूण केली.

झेनॉसच्या वेळी खान ४३. शेरकावी संचालक झाले तेव्हा ३९. नर्तकांच्या परिचयात ही वये कुणी लिहीत नाही, आम्ही लिहिली. नाचणाऱ्या विद्यार्थ्यांना बक्षिसांपेक्षा ही माहिती उपयोगाची.

३० जून

छपाईपूर्व तपासणी. दोन कागदांची पानजुळणी: बाहेरच्या कागदावर एका बाजूला ८ आणि १, पाठीमागे २ आणि ७, आतल्यावर ६ आणि ३, पाठीमागे ४ आणि ५. रकान्यांचे जोडपान ४-५वरच ठेवायचे, कारण तीच दोन पाने छापताना एका कागदाच्या एकाच बाजूला सलग येतात. २-३ किंवा ६-७वर टाकले तर दोन कागदांतल्या किंचित सरकण्याने वर्षांच्या ओळी डावीउजवीकडे जुळत नाहीत.

पाठपोट छपाईत ‘आखूड बाजूने उलट’ हा पर्याय निवडणे, नाहीतर मागची पाने उलटी येतात.

राहिलेल्या दुरुस्त्या: पान ३वर ‘मोरोक्को’त एक क सुटला आहे. पान ४वर २००२च्या ओळीत साहनी यांचे नाव शेरकावी यांच्या रकान्यात सरकले आहे, खान यांच्या रकान्यात हवे. मलपृष्ठावर वादकांची नावे घालण्यासाठी जागा सोडली आहे. मूळ कार्यक्रमपत्रिकेशी ताडून झाल्यावरच भरायची, नाही जमले तर ‘प्रत्यक्ष वादन-गायन’ एवढेच छापायचे.